फ्रँकलिन रूझवेल्टचा 'क्रिमझन' पत्रांतील प्रवेश : एका आख्यायिकेची छाननी

[ १ ]

थोर पुरुषांच्या विद्यार्थिदशेविषयीं ज्या गोष्टी लोकांत प्रचलित असतात त्यांचा इतिहासाशीं संबंध बहुधा दूरचाच असतो. पुरुष प्रसिद्धीस आला म्हणजे त्याच्या पूर्वायुष्यांत पुढील थोरवीचीं चिन्हें शोधण्याची हौस लोकांस उत्पन्न होते. आणि तीं तेथें सांपडलीं नाहींत तर दुसऱ्याच्या चरित्रांतून उचलून आणण्यासहि लोक मागेंपुढें पाहत नाहींत. आपल्याकडील बखरींतून या प्रकाराचीं उदाहरणें विपुल आहेत. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखरींतील मजकूर समकालीन पत्रांशीं ताडून पाहण्याची शिस्त महाराष्ट्रांतील संशोधकांच्या अंगवळणीं पडली आहे. ही शिस्त मोडी दफ्तरांसच तेवढी लागू आहे असें नव्हे. अलीकडच्या, छापील व परदेशीय विषयासहि ती तितकीच लागू पडते, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत आम्हीं एक लहानसा विषय निवडला आहे.

विषय असा : अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डिलॅनो रूझवेल्ट हे हार्वर्ड विद्यापीठांत शिकत असतांना, तेथील विद्यार्थ्यांनींच चालविलेल्या 'क्रिमझन' नामक दैनिकाच्या संपादकवर्गांत त्यांचा प्रवेश कसा झाला? याविषयीं एक चटकदार आख्यायिका बराच काळ प्रचलित होती. ती आख्यायिका खरी धरली तर एका दुसऱ्या विद्यार्थ्याच्या श्रमाचें श्रेय त्याच्याकडून काढून घेऊन पुढें अध्यक्ष झालेल्या गृहस्थाच्या पदरांत टाकल्यासारखें होतें. आणि ती खोटी ठरली तर संपादकवर्गांत शिरण्याचा खरा मार्ग कोणता होता हें नव्यानें पाहावें लागतें. म्हणून विषय लहान असला तरी त्यांत न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे.

या कथेंत दोन रूझवेल्ट येतात. घोटाळा होऊं नये यासाठीं विद्यार्थी रूझवेल्टचा उल्लेख आम्हीं 'फ्रँकलिन' असा एकवचनी केला आहे; त्याचे दूरचे भाऊबंद थिओडोर रूझवेल्ट यांचें नांव सर्वत्र पूर्ण दिलें आहे.

[ २ ]

प्रथम या पत्राची पूर्वपीठिका पाहूं. हार्वर्ड ही अमेरिकेंतील उच्च शिक्षणाची सर्वांत जुनी संस्था. तिची स्थापना मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १६३६ सालीं झाली. परंतु तेथील विद्यार्थ्यांनीं स्वतःचें नियतकालिक काढल्याचा दाखला एकोणिसाव्या शतकापासून लागतो. १८१० सालीं 'हार्वर्ड लायसियम' निघालें. १८३४ ते १८३८ या अवधींत 'हार्वर्डियाना' चाललें, व पुढें कवि म्हणून नांवाजलेले जेम्स रसेल लोवेल हे त्याच्या संपादकांपैकीं एक होते. हीं सर्व पत्रें वाङ्मयविषयक. त्यांत निबंध, कविता व विनोदी लेख यांचा भरणा असे. आज काय घडलें व उद्यां काय घडणार हें सांगण्याची जबाबदारी त्यांनीं पत्करलेली नव्हती.

पत्र विद्यार्थ्यांचें असलें तरी वरिष्ठांची नजर त्यावर असे. १८६६ सालीं 'कॉलेजियन' नांवाचें पत्र निघालें. त्यांत सक्तीच्या प्रार्थनेवर टीका आल्यामुळें तें अल्पावधींतच बंद पडलें. त्याच वर्षीं त्याच्या जागीं 'ॲडव्होकेट' निघालें, आणि संकटांतहि गोडी आहे अशा आशयाचें मूळ पत्राचें लॅटिन ब्रीदवाक्य नव्या पत्रानें जसेंच्या तसें उचललें. पत्र बंद करणें वरिष्ठांच्या हातीं होतें. पत्र काढण्याची हौस मोडणें त्यांच्या हातीं नव्हतें, एवढा बोध या प्रकरणावरून होतो.

१८७३ सालच्या जानेवारी महिन्याच्या २४ तारखेस 'मॅजेंटा' या नांवाचें पाक्षिक सुरू झालें. मॅजेंटा म्हणजे जांभळट छटेचा लाल रंग. तो त्या वेळीं महाविद्यालयाचा रंग समजला जात असे. १८७५ सालीं महाविद्यालयाचा रंग म्हणून क्रिमझन, म्हणजे किरमिजी, हा रंग मुक्रर झाला, व पत्रानेंहि आपलें नांव बदलून 'क्रिमझन' असें घेतलें. पुढें १८८२ सालीं 'हेरल्ड' नांवाचें दैनिक निघालें. १८८३ सालीं दोन्ही पत्रें एकत्र होऊन 'क्रिमझन' दैनिक झालें. त्यापूर्वींच, १८७८ सालच्या जानेवारींत, येल येथील विद्यार्थ्यांनीं आपलें दैनिक सुरू केलें होतें. म्हणजे १८७८ ते १८८३ या पांच वर्षांच्या आंत अमेरिकेंतील दोन प्रमुख विद्यालयांतील विद्यार्थी निबंधाकडून बातमीकडे वळले.

हा पालट आमच्या विषयास महत्त्वाचा आहे. पाक्षिक वाङ्मयीन पत्र चार-सहा मित्र मिळून चालवूं शकतात. एखाद्याचा निबंध चांगला वठला कीं त्यास मंडळींत ओढून घेतां येतें. दैनिकाचें तसें नाहीं. त्यास रोज मजकूर लागतो. सभांच्या, व्याख्यानांच्या व खेळांच्या सूचना रोज गोळा कराव्या लागतात. त्यांतील वेळ, स्थळ व नांवें अचूक असावीं लागतात. शिवाय विद्यार्थ्यांच्या पत्राची एक जन्मजात अडचण अशी कीं, त्याचे सर्व जाणते लोक चार वर्षांत विद्यालय सोडून जातात. इतर पत्रांत जुना कारभारी वीस वीस वर्षें टिकतो. येथें दर वर्षीं वरची फळी निघून जाते व खालच्या फळीनें तिची जागा भरून काढावी लागते. म्हणून नवशिक्यांस हाताखालीं घेऊन, कामास लावून, पारखून मग संपादकवर्गांत घेण्याची वहिवाट अशा पत्रांत पडली. ही उमेदवारी म्हणजे केवळ उपचार नव्हता. पत्र जिवंत राहण्याचा तो एकमेव उपाय होता.

[ ३ ]

फ्रँकलिनचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. हडसन नदीच्या कांठीं हाइड पार्क येथें त्याच्या वडिलांची मोठी मालमत्ता होती. ग्रोटन या श्रीमंतांच्या शाळेंत चार वर्षें काढून तो १९०० सालच्या शरदृतूंत हार्वर्डला आला व आल्याबरोबर 'क्रिमझन'च्या उमेदवारींत पडला.

या काळाचें अस्सल साधन म्हणजे त्यानें आईवडिलांस लिहिलेलीं पत्रें. त्याची आई सारा हिनें तीं जपून ठेविलीं, आणि त्यांतील निवडक पत्रें पुढें त्याचा मुलगा इलियट यानें संपादून १९४७ सालीं छापून काढलीं. उमेदवारीच्या आरंभीं लिहिलेल्या पत्रांत तो घरीं कळवितो कीं, आपण 'क्रिमझन'साठीं खटपट करीत आहों, दोन वर्षें नेटानें काम केलें तर कदाचित् संपादक होतां येईल. सूचना तयार करणें व लोकांच्या गांठी घेऊन बातम्या मिळविणें यांत बराच वेळ जातो.

या साध्या मजकुराकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. येथें अलौकिक कांहींएक नाहीं. अठरा वर्षांचा मुलगा वडिलांस हिशेब देत आहे : काम काय, वेळ किती जातो, फळ केव्हां मिळेल. 'कदाचित्' हा भाव तर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आपण निवडले जाऊं अशी त्याची खात्री नव्हती, आणि दोन वर्षांची मुदत त्यानें मनाशीं धरिली होती. यश हातीं आल्यावर लिहिलेल्या आठवणींत असा भाव कधींच उतरत नाहीं. तो समकालीन पत्रांतच उतरतो.

या उमेदवारीच्या भरांतच घरावर आपत्ति कोसळली. त्याचे वडील जेम्स रूझवेल्ट बरेच दिवस हृद्रोगानें आजारी होते. ८ डिसेंबर १९०० रोजीं ते निवर्तले. पुढें १९०१ सालच्या फेब्रुवारींत 'क्रिमझन'नें उमेदवारांतून पहिली निवड केली. तींत फ्रँकलिनचें नांव आलें नाहीं.

हें अपयश पुष्कळ चरित्रकार एका वाक्यांत आटोपतात. आम्हांस तें या प्रकरणाची किल्ली वाटतें. कारण पुढें दिलेल्या आख्यायिकेची कसोटी याच घटनेवर लागते.

[ ४ ]

आख्यायिका अशी : १९०० सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक व्हावयाची होती. एका बाजूस मॅकिन्ली व दुसऱ्या बाजूस ब्रायन असा सामना होता. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम इलियट हे सर्व देशांत मान्यता पावलेले पुरुष. १८६९ सालापासून ते विद्यापीठाची धुरा वाहत होते. ते कोणास मत देणार याविषयीं कुतूहल होतें, पण त्यांस तसें विचारण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हां नुकताच आलेला, रीतिरिवाज ठाऊक नसलेला फ्रँकलिन तडक इलियट यांच्याकडे गेला आणि आपण कोणास मत देणार असें त्यानें त्यांस तोंडावर विचारलें. इलियट मुलाच्या धाडसानें चकित झाले व मॅकिन्ली यांस मत देणार असें त्यांनीं सांगून टाकलें. बातमी 'क्रिमझन'मध्यें झळकली, इतर वृत्तपत्रांनीं ती उचलली, आणि नवख्या उमेदवाराचें नांव झालें.

गोष्ट सुरेख आहे. तींत भोळेपणा आहे, धैर्य आहे, वृद्ध व तरुण यांची गांठ आहे, आणि भावी अध्यक्ष दुसऱ्या एका अध्यक्षासमोर उभा राहून तिसऱ्या अध्यक्षाच्या निवडणुकीविषयीं प्रश्न करतो असा योगायोगहि आहे. बखरकारास याहून अधिक काय पाहिजे?

आतां छाननी करूं. इलियट यांच्या मताची बातमी 'क्रिमझन'नें निवडणुकीपूर्वीं छापली हें खरें. म्हणजे आख्यायिकेस वस्तुस्थितीचा पाया आहे. प्रश्न एवढाच कीं ती बातमी आणली कोणी? पुढील चरित्रकारांनीं चौकशी केली तेव्हां असें दिसून आलें कीं, ती फ्रँकलिननें आणलेली नसून आल्बर्ट डी रूड या दुसऱ्याच विद्यार्थ्यानें आणलेली होती. धैर्य खरें, भेट खरी, बातमी खरी. माणूस मात्र दुसरा.

या निर्णयास फेब्रुवारींतील निवडीचा चांगला पाठिंबा मिळतो. सगळ्या देशांत गाजलेली बातमी ज्या उमेदवारानें आणली त्यास तीन-चार महिन्यांत झालेल्या पहिल्याच निवडींत पत्रानें वगळावें हें संभवनीय नाहीं. कामाचा कस पाहून माणसें घेणें हाच ज्या वहिवाटीचा हेतु, ती वहिवाट असल्या कामाकडे डोळेझांक करील असें मानावयास आधार पाहिजे. तो कोणींहि दाखविलेला नाहीं. उलट, फ्रँकलिननें त्या हिवाळ्यापर्यंत इतर दहा-वीस उमेदवारांसारखेंच साधें काम केलें होतें असें धरलें तर फेब्रुवारींतील निकाल सहज उलगडतो.

मग श्रेयाची ही अदलाबदल झाली कशी? याविषयीं आमचें अनुमान आम्ही अनुमान म्हणूनच मांडतों. पहिलें कारण असें कीं, त्या काळच्या 'क्रिमझन'मधील बातम्यांखालीं लेखकाचें नांव नसे. निनावी लेख म्हणजे बेवारशी इस्टेट. जो कोणी पुढें मोठा होईल त्याच्या नांवावर ती चढते. आपल्याकडे निनावी अभंग व श्लोक नामांकित कवींच्या गाथ्यांत जाऊन बसतात, त्यांतलाच हा प्रकार. दुसरें कारण असें कीं, त्याच शैक्षणिक वर्षांत फ्रँकलिननें खरोखरच एक मोठी बातमी आणली होती. तिची हकीकत पुढील कलमांत येईल. एका बातमींत विद्यापीठाचे अध्यक्ष, दुसरींत देशाचे उपाध्यक्ष. दोन्ही एकाच पत्रांत, एकाच वर्षीं. तीस वर्षांनंतर आठवणी सांगणारांच्या मनांत या दोहोंची सरमिसळ होणें अगदीं स्वाभाविक आहे. तिसरें कारण उघडच आहे : १९३३ सालीं फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदावर चढले, डी रूड कोठेंच चढले नाहींत.

येथें कोणावर लबाडीचा आरोप करण्याची आवश्यकता नाहीं. आख्यायिका बहुधा लबाडीनें वाढत नाहींत; त्या कौतुकानें वाढतात. परंतु कौतुकानें झालेला अन्याय अन्याय नव्हे असें थोडेंच आहे? एका अठरा-वीस वर्षांच्या मुलानें जें धैर्य दाखविलें तें त्याच्या नांवावर राहावें एवढा तरी त्याचा हक्क आहे.

[ ५ ]

आतां फ्रँकलिनच्या खऱ्या बातमीकडे वळूं. फेब्रुवारींत नांव न आल्यावर पुष्कळ उमेदवार काम सोडून देतात. फ्रँकलिननें तें सोडलें नाहीं. १९०१ सालच्या एप्रिलअखेर थिओडोर रूझवेल्ट त्या बाजूस आले. ते १९०० सालच्या अखेरपर्यंत न्यूयॉर्क प्रांताचे गव्हर्नर होते, आणि ४ मार्च १९०१ पासून देशाचे उपाध्यक्ष झाले होते. दोन्ही रूझवेल्ट घराण्यांचा मूळ पुरुष एक; पण शाखा कित्येक पिढ्यांपूर्वीं विभक्त झालेल्या. तरी घरोबा राहिलेला होता. फ्रँकलिननें भेटीची वेळ विचारली असतां थिओडोर रूझवेल्ट यांनीं सहज सांगितलें कीं, आपण दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्राध्यापक लोवेल यांच्या राज्यशास्त्राच्या वर्गापुढें आपल्या गव्हर्नरकीच्या अनुभवाविषयीं बोलणार आहों, त्यानंतर भेटावें.

हे प्राध्यापक म्हणजे ॲबट लॉरेन्स लोवेल. इलियट यांच्यामागून १९०९ सालीं विद्यापीठाचे अध्यक्ष झाले ते हेच. व्याख्यान आपल्या वर्गापुरतेंच व्हावें, बाहेर बोभाटा होऊं नये, अशी त्यांची इच्छा होती व म्हणून त्यांनीं तें जाहीर केलें नव्हतें. फ्रँकलिननें मिळालेली बातमी 'क्रिमझन'च्या हवालीं केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती छापून आली आणि व्याख्यानाच्या वेळीं सुमारें २००० लोकांची गर्दी दारापाशीं लोटली. लोवेल अर्थातच संतापले.

ही हकीकत आख्यायिकेच्या जातीची नाहीं. तिचा मुख्य साक्षीदार म्हणजे त्या दिवशींचा छापील अंक. तो व्याख्यानापूर्वीं निघाला असल्यामुळें पुढें काय होणार याची त्यास वार्ता नव्हती. त्यांत कौतुक नाहीं, केवळ वेळ, स्थळ व विषय आहे. प्रसिद्धीच्या लोभानें मागाहून रचलेल्या गोष्टींत आणि वेळेवर छापलेल्या सूचनेंत जो फरक असतो तो येथें स्पष्ट दिसतो.

परंतु या खऱ्या बातमीचेंहि मूल्य वाजवीपेक्षां फुगवितां कामा नये. एक तर ती भाऊबंदकीच्या जोरावर मिळालेली होती. दुसऱ्या उमेदवारानें कितीहि पायपीट केली असती तरी ती त्याच्या हातीं लागली नसती. इलियट यांच्याकडे परक्या मुलानें जाऊन प्रश्न करणें आणि आपल्याच घराण्यांतील वडीलधाऱ्या पुरुषाच्या तोंडून सहज निघालेली गोष्ट छापणें यांत बातमीदाराच्या कसबाच्या दृष्टीनें पहिलें काम निःसंशय अधिक कठीण होतें. ज्या मुलास श्रेय नाकारलें गेलें त्याचेंच काम अधिक मोलाचें होतें, ही गोष्ट नमूद करून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

दुसरा मुद्दा औचित्याचा. यजमान प्राध्यापकानें गुप्त ठेवलेली गोष्ट पाहुण्याच्या बोलण्यांतून कळली असतां ती छापावी कीं नाहीं? फ्रँकलिनच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, सांगणारानें ती गुप्त ठेवण्याची अट घातलेली नव्हती आणि देशाचा उपाध्यक्ष विद्यापीठांत बोलणार हें विद्यार्थ्यांस कळविणें हेंच पत्राचें काम होतें. लोवेल यांच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, वर्ग हा वर्ग आहे, सभा नव्हे. २००० लोकांच्या रेट्यांत अध्ययन होत नाहीं. आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं योग्य होतें. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणास हा पेंच स्वतः सोडवावा लागणें, आणि त्याच्या परिणामास तोंड द्यावें लागणें, हीच विद्यार्थ्यांच्या पत्रांतील खरी शिकवण. कोणत्याहि वर्गांत ती मिळत नाहीं.

१९०१ सालींच फ्रँकलिनची 'क्रिमझन'च्या संपादकवर्गांत निवड झाली. ती या एका बातमीमुळें झाली असें सांगण्याचा प्रघात आहे. बातमीचा उपयोग झाला असेल हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु निवड झाली ती मुख्यतः अपयशानंतरहि चालू ठेवलेल्या रोजच्या कामामुळें, असें घटनांच्या क्रमावरून दिसतें.

[ ६ ]

पुढील क्रम थोडक्यांत सांगतों. संपादकवर्गांत शिरल्यावर फ्रँकलिन पायरीपायरीनें चढत १९०३ सालीं व्यवस्थापक संपादक व नंतर पत्राचा अध्यक्ष झाला. पदवीचा अभ्यास त्यानें तीन वर्षांतच, १९०३ सालीं, पुरा केला होता. परंतु पत्राचें अध्यक्षपद चौथ्या वर्षीं हातीं येणार म्हणून तो विद्यापीठांत आणखी एक वर्ष राहिला व पदव्युत्तर वर्गांत त्यानें नांव घातलें. पदवीपेक्षां पत्राची ओढ अधिक होती, असें यावरून म्हणावें लागतें.

त्याचे अग्रलेख कसे होते? पुढील कीर्ति मनांत ठेवून ते वाचणाराची निराशा होईल. फुटबॉलच्या सामन्यांस विद्यार्थी पुरेशा उत्साहानें ओरडत नाहींत. वसतिगृहांत आगीपासून बचावाची सोय अपुरी आहे. चिखलांतून जाण्यासाठीं आवारांत फळ्यांच्या पायवाटा घालाव्या : असले हे विषय. देशांतील मोठ्या प्रश्नांचा ठाव त्यांत लागत नाहीं. त्यांत भावी अध्यक्ष शोधणें हा पुनः बखरीचाच मार्ग होय. मात्र त्यांत दुसरें एक मूल्य आहे. १९०३ सालीं हार्वर्डच्या आवारांत चिखल होता, वसतिगृहांत आगीचें भय होतें, आणि विद्यार्थ्यांस त्याची चीड होती, हें विद्यापीठाच्या अधिकृत इतिहासांत सहसा कोणी लिहीत नाहीं. तें या पत्रांतच सांपडतें.

येथें एक तुलना उपयोगी पडेल. हार्वर्डमध्यें 'पोर्सेलियन' नांवाचें एक अत्यंत प्रतिष्ठित मंडळ होतें. थिओडोर रूझवेल्ट त्याचे सभासद होते. फ्रँकलिननेंहि तेथें प्रवेशाची आशा धरिली होती. पण मंडळानें त्यास घेतलें नाहीं, आणि तें शल्य त्याच्या मनांत पुष्कळ वर्षें राहिलें. या मंडळाची निवड गुप्त मतदानानें होत असे; नाकारलेल्यास कारण कळत नसे व पुनः प्रयत्न करण्यास वाव नसे. 'क्रिमझन'नें त्यास फेब्रुवारींत नाकारलें, परंतु तेथें उद्यांचा अंक रिकामा होता व तो भरून दाखविण्याची संधि होती. एका दारास कुलूप होतें. दुसऱ्या दारास केवळ उंबरठा होता.

तथापि हा उंबरठाहि सर्वांस सारखा नव्हता, हें सांगितलें नाहीं तर चित्र एकांगी होईल. त्या काळीं हार्वर्ड महाविद्यालयांत स्त्रियांस प्रवेश नसे. त्यांची रॅडक्लिफ ही संस्था वेगळी होती. 'क्रिमझन'च्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री आली ती १९७७ सालीं. त्यांचें नांव गे साइडमन. तसेंच उमेदवारींत रोजचे कांहीं तास विनामोबदला घालविणें ज्यास पोटासाठीं काम करावें लागे त्यास सोपें नव्हतें. श्रमानें मिळणारी जागासुद्धां श्रम करण्यास मोकळीक असणारासच मिळते, ही मर्यादा लक्षांत घेतली पाहिजे.

[ ७ ]

आतां संग्राहक बंधूंस विशेष रुचेल अशी एक गोष्ट. 'क्रिमझन'च्या कामांत गढलेला हा विद्यार्थी त्याच वेळीं पुस्तकें व जुने कागद जमवूं लागला होता. विद्यार्थ्यांच्या 'हेस्टी पुडिंग' या मंडळाच्या ग्रंथालयाची व्यवस्था त्याच्याकडे होती. त्या निमित्तानें जुन्या पुस्तकविक्रेत्यांशीं त्याचा परिचय झाला. पुढें अमेरिकन आरमाराविषयींचीं चित्रें, पुस्तकें व हस्तलिखितें यांचा मोठा संग्रह त्यानें केला. अध्यक्षपदीं असतांनाच त्यांनीं हाइड पार्क येथें आपल्या सर्व कागदपत्रांसाठीं ग्रंथालय उभारून तें राष्ट्रास अर्पण केलें. ३० जून १९४१ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. अध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता, असें तोंवर समजलें जात असे. ती समजूत मोडण्याचा आरंभ त्यांनीं केला.

ज्यांच्याविषयीं खोटी गोष्ट पसरली त्यांच्याच घराण्यानें ती खोडून काढण्याचीं साधनें जपून ठेविलीं, यांत एक नैतिक समाधान आहे. आईनें मुलाचीं पत्रें टाकून दिलीं असतीं, 'क्रिमझन'नें जुने अंक बांधून ठेविले नसते, तर आख्यायिकाच इतिहास झाली असती. कारण तिच्यासमोर उभें करण्यास दुसरा साक्षीदारच उरला नसता.

[ ८ ]

येथवरच्या विवेचनावरून निष्पन्न होतें तें असें :

(१) १९०० सालीं इलियट यांच्या मताची बातमी 'क्रिमझन'ला मिळवून देणारा विद्यार्थी आल्बर्ट डी रूड हा होय. फ्रँकलिन रूझवेल्ट नव्हे.

(२) फ्रँकलिन पहिल्या निवडींत, फेब्रुवारी १९०१ मध्यें, वगळला गेला. त्यानंतरहि काम चालू ठेवल्यावर त्याच सालीं त्याचा प्रवेश झाला. थिओडोर रूझवेल्ट यांच्या व्याख्यानाची बातमी त्यानें आणली हें खरें. तींत कसबापेक्षां नात्याचा भाग अधिक होता.

(३) दोन बातम्यांची सरमिसळ, निनावी लेखन व पुढील कीर्ति यांच्या योगानें आख्यायिका बनली असावी. हें शेवटचें कलम अनुमान आहे. पहिलीं दोन तशीं नाहींत.

अखेर स्वदेशाकडे वळून दोन शब्द लिहितों. विद्यार्थ्यांनीं एकत्र येऊन लिहावें व छापावें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं आपली सभा स्थापिली. तिच्या मराठी शाखेच्या प्रयत्नांतून १८५० सालीं 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक निघालें. 'क्रिमझन'च्या जन्मापूर्वीं तेवीस वर्षें ही गोष्ट घडली. त्यानंतर गांवोगांवच्या विद्यालयांतून व वसतिगृहांतून किती हस्तलिखित मासिकें निघालीं याची गणति नाहीं. सुवाच्य अक्षरांत लिहिलेला, रंगीत वेलबुट्टी काढलेला एकच अंक. तो वर्गांत हातोहात फिरे आणि वर्षअखेर कपाटांत जाई. कपाट रिकामें करण्याची वेळ आली म्हणजे पहिल्यानें रद्दींत जाई तोहि हाच.

आमचे संग्राहक बंधु सनदा, महजर व खलिते यांसाठीं दहा कोस चालून जातात, तें योग्यच आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या वसतिगृहांतील हस्तलिखित मासिक हेंहि अस्सल साधन आहे हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. त्यांत पुढें नांवास आलेल्या कोणाचा पहिला लेख असेल. पुढें कधींच नांवास न आलेल्या कोणाचें खरें श्रेय असेल. पहिल्याची काळजी कीर्ति घेते. दुसऱ्याची काळजी घेण्यास तो कागद जपून ठेवणाराशिवाय दुसरें कोणी नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे अंक असतील त्यांनीं त्यांची यादी करून, अंकावरील तिथि, लेखकांचीं नांवें व लेखनिकाचें नांव यांसह ती नोंदवून ठेवावी, अशी आमची विनंति आहे.